एक मग पाणी

निवास चौगुल्यांनी आपल्या लेकीकडे जन्मात एकच गोष्ट मागितली, आणि ती म्हणजे वाळूचा एक ढीग. मागितला म्हणजे घरी न्यायला नव्हे. तो जिथं आहे तिथंच राहू द्यावा, त्याला कुणी हात लावू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

"तेवढा कोपरा सोड, बाळ," ते म्हणाले. "बाकीचा सगळा डोंगर खा म्हणावं तुझ्या मशीनला."

संयोगिता त्या वेळी डबा उघडत होती. बापलेकीची नोकरी एकाच जागी असल्यामुळं दुपारचं जेवण दोघं आडमाळच्या खाणीवर, आबांच्या पहाऱ्याच्या खोलीतच करत. तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि खिडकीतून त्या कोपऱ्याकडं पाहिलं. बैलगाडीभर काळी वाळू, तिच्यात विटांएवढी ढेकळं, मधूनमधून गंजलेले लोखंडाचे थेंब. परक्या माणसाला त्यात बघण्यासारखं काही दिसलं नसतं. पण हा ढीग कसला आहे ते तिला ठाऊक होतं आणि आबा त्याच्याकडं तोंड करून बावीस वर्षं का बसलेत, तेही.

आडमाळ हे कोल्हापूरजवळचं गाव. गावाबाहेर दगडाची एक सोडलेली खाण होती आणि भोवतालच्या ओतकाम कारखान्यांनी तिच्यात चाळीस-पन्नास वर्षं आपली वापरलेली वाळू आणून टाकली होती. लोखंड ओतायचं तर वाळूचा साचा लागतो. वाळूत थोडी चिकणमाती, थोडी कोळशाची पूड आणि पाणी घालून ती मळायची, लाकडी नमुन्याभोवती ठासायची, नमुना काढून घ्यायचा आणि त्या पोकळीत वितळलेलं लोखंड सोडायचं. वाळू पुन्हा पुन्हा वापरली की जळून निकामी होते, मग ती फेकायची. अशी फेकून फेकून आडमाळला खाण बुजली, वर टेकडी उभी राहिली आणि उन्हाळ्यात तिची काळी धूळ गावच्या पापडांवर बसायला लागली. बायकांनी पापड घालायचे सोडले, पण टेकडी काही हलली नाही.

ती हलली ती वाळूचाच दुष्काळ पडल्यावर. नद्यांमधून वाळू काढायला पूर्ण बंदी आली, कारखाने हातावर हात धरून बसायची वेळ आली, तेव्हा साऱ्यांना एकदम आडमाळच्या टेकडीची आठवण झाली. दोन हजार सेहेचाळीस साली तिथं सहा यंत्रं बसली. त्यांचं सरकारी नाव कणवाचक. गावानं पहिल्याच आठवड्यात त्याचं तलाठी करून टाकलं, कारण प्रत्येक कणाचा उतारा त्याच्याकडं मिळतो. शिवाय हा तलाठी कधीही गेलं तरी जागेवर सापडतो, अशी पुस्ती गावकरी जोडत.

*

तलाठ्याची करामत मुळात वाळूच्या अंगची आहे. क्वार्ट्झच्या कणात, त्याच्या स्फटिकाच्या रचनेत जागोजागी अतिसूक्ष्म खळगे असतात. मातीत, दगडात, सगळीकडं थोडा किरणोत्सर्ग असतोच. त्याच्या धक्क्यानं सुटलेले इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षं या खळग्यांत अडकून पडतात. उथळ खळगे नुसत्या उन्हानंही रिकामे होतात, खोल खळगे मात्र भट्टीची धगच रिकामे करते. वितळलेलं लोखंड शेजारून गेलं की कणाची पाटी कोरी होते आणि त्या दिवसापासून पुन्हा खळगे भरायला लागतात. असा कण पुढं कधीतरी हळूहळू तापवला, तर अडकलेले इलेक्ट्रॉन सुटताना अगदी मंद प्रकाश देतात. प्रकाश जितका जास्त, तितकी त्या ओतकामाला वर्षं जास्त झाली. कण किती वेळा भाजला गेला, तेही त्याच्या उजळण्याच्या ढंगावरून कळतं.

कणवाचकात वाळू चार हजार बारीक नळ्यांतून एकेक कण अशी उतरायची. प्रत्येक कण तापायचा, उजळायचा आणि पुढं लेसरच्या ठिणगीनं त्याच्या अंगावरचा पापुद्रा तपासला जायचा. माती किती, कार्बन किती, लोखंड किती. मग वाऱ्याचा एक फटका बसून कण आपापल्या वाटेला लागायचा. चांगला कण परत कारखान्यात, मातीची धूळ विटांना आणि लोखंडाचे मणी भट्टीला. दोन वर्षांत टेकडीची सपाटी झाली. गच्चीवर पुन्हा पापड दिसायला लागले.

पण ज्या यंत्राला वाळूचं वय कळतं, त्याला वाळूची गुपितंही कळतात. आमची वाळू आडमाळला कधी गेलीच नाही असं छातीठोकपणे सांगणाऱ्या दोन कारखानदारांना तलाठ्यानं वर्षवार उतारा काढून दिला. तेव्हापासून गावात त्याचा दरारा वाढला. त्याच्यासमोर वाळू पोपटासारखी बोलते, असं लोक म्हणायला लागले. आबाही तेच म्हणत, पण हसत नसत.

संयोगिता यंत्रावरची मुख्य तपासनीस होती. पदविका वाळूतलीच. अगदी लहान असताना, आबा सुट्टीच्या दिवशी मूठ कशी करायची ते दाखवायचे तेव्हापासून तिला वाळूचं वेड होतं. तयार वाळू मुठीत घट्ट दाबायची, मूठ उघडून गोळा मधोमध मोडायचा. कड धारदार मोडली तर पाणी बरोबर. गोळा हाताला चिकटला तर पाणी जास्त, भुरभुरला तर कमी. आबांची मूठ पंचक्रोशीत नावाजलेली होती. ज्या ओतकाम कारखान्यात ते साचे भरत, तिथं प्रयोगशाळा म्हणून वेगळी खोली नव्हतीच, आबांची मूठ हीच प्रयोगशाळा.

*

बावीस वर्षांपूर्वी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती मूठ चुकली, असं सगळ्यांनी धरलं.

त्या सकाळी आबांनी पंपाच्या केसिंगचे, म्हणजे बाहेरच्या कवचाचे, सात साचे भरले होते. लोखंड ओतायला होता हिंदूराव खोत, आबांचा मेहुणा, म्हणजे संयोगिताच्या आईचा पाठचा भाऊ. पाच साचे नीट भरले. सहाव्यात लोखंड पडलं, आतून गुडगुडल्यासारखा आवाज आला आणि साचा उडाला. वितळलेलं लोखंड हिंदूरावच्या उजव्या हातावर आणि तोंडावर आलं. जीव वाचला, पण उजवा डोळा गेला आणि हात कोपराखाली कायमचा आखडला.

ओल्या साच्यात लोखंड पडलं की वाफ होते आणि साचा उडतो, हे ओतकामातलं पोरही सांगेल. चौकशीला साहेब आले तेव्हा त्यांना फार विचारावं लागलंच नाही. आबा स्वतःहून पुढं झाले. सहाव्या साच्यासाठी नमुन्यालगत भरायची बारीक वाळू वेगळ्या ढिगावरून घेतली होती, मुठीला ती कोरडी लागली, म्हणून मी एक मग पाणी जास्त मारलं, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. झालं. मालकानं त्या साच्याची सगळी वाळू अपशकुनी म्हणून त्याच दिवशी ट्रॅक्टरनं आडमाळला फेकली. आबांनी त्यानंतर साचा भरला नाही. खाणीवर पहारेकऱ्याची जागा निघाली ती धरली आणि त्या कोपऱ्यासमोर जाऊन बसले.

हिंदूरावमामा त्या दिवसानंतर चौगुल्यांच्या घरी आला नाही. आबाही त्याच्याकडं गेले नाहीत. मामा रागावलाय, आणि रागावणारच, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्यानं मोटारीची वायंडिंग करायचं दुकान टाकलं. संयोगिताशी तो रस्त्यात बोलायचा, तिच्या लग्नात मांडवाच्या दाराशी उभा राहून अक्षता टाकून गेला, पण आत आला नाही.

या सगळ्यात सगळ्यात वाईट वाटायचं ते आईचं. भाऊबीजेला ज्या बाईचा भाऊ येत नाही, ती चंद्राला ओवाळते. आई दरवर्षी आधी पाट मांडायची, रांगोळी काढायची, ताट तयार ठेवायची आणि दिवेलागणीपर्यंत दाराकडं बघायची. द्वितीयेचा चंद्र तो, नखाएवढा, आणि तोही लगेच मावळायच्या घाईत. तो बुडायच्या आत आई ताट घेऊन अंगणात जायची. ओवाळून आत यायची आणि जेवायला वाढायची. संयोगिताला लहानपणी ती भाऊबीज नकोशी वाटायची, आणि मोठेपणी तर असह्य व्हायची.

*

कोपरा सोड असं आबा म्हणाले खरे, पण तो सोडणं संयोगिताच्या हातात नव्हतं. दिवाळी संपायच्या आत खाण रिकामी करून द्यायचा सरकारी हुकूम होता. सगळी टेकडी गेली होती आणि तो एकच ढीग उरला होता. न वाचता कुठं तरी लांब नेऊन ओतता आला असता. तसं करायचं तिनं ठरवलंही होतं.

कारण आबांची भीती खोटी नव्हती. तलाठी पाणी वाचू शकत होता. पाणी प्रमाणाबाहेर असलं की लोखंड पडताच कणावरचा मातीचा पापुद्रा वाफेनं फुगतो, भजी फुगावीत तसा, आणि पोकळ राहतो. प्रमाणात असलं की तो घट्ट भाजला जातो. हा फरक यंत्राला स्पष्ट दिसायचा. बावीस वर्षं आबा म्हणत होते की चूक माझी. पण आपण म्हणणं वेगळं आणि आकड्यांनी म्हणणं वेगळं. कुठं तरी आत, मनाच्या तळाशी, कदाचित तसं नसेलही एवढी एक फट त्यांनी ठेवली होती आणि त्या फटीवर माणूस जगत होता. यंत्रानं ती बुजवली असती तर आबा खचले असते, हे ती जाणून होती.

तरीही तिनं तो ढीग वाचला. दसरा होऊन बारा दिवस झाले होते. घरी आईनं भाऊबीजेचं ताट माळ्यावरून काढून चिंचेनं घासून ठेवलेलं तिनं पाहिलं, आणि तिचा निश्चय फिरला. तिनं मनाशी एक सोय केली. पाणी जास्त निघालं तर आकडे पुसायचे आणि जन्मभर गप्प बसायचं. नोकरी जाईल तर जाईल. आबा तालुक्याला दवाखान्यात गेले होते त्या सकाळी तिनं स्वतः फावड्यानं त्या ढिगातली चार घमेली वाळू काढली आणि यंत्राच्या तोंडात ओतली.

वीस मिनिटं लागली. ती पडद्यासमोरून हलली नाही. वय बरोबर निघालं, बावीस वर्षं, एखाद्या वर्षाच्या फरकानं. मग पापुद्र्यांची चित्रं यायला लागली. घट्ट. घट्ट. शंभरातले अठ्ठ्याण्णव घट्ट. उरलेले दोन तडकलेले, पण फुगलेला एकही नाही. तिनं घमेलंभर वाळू आणखी घातली. उत्तर तेच आलं. पाणी अगदी जितकं हवं तितकंच होतं.

ती मटकन खाली बसली आणि रडली. मूठ चुकली नव्हती.

डोळे पुसून ती पुन्हा उभी राहिली, तेव्हा मात्र तिच्यातली तपासनीस जागी झाली. पाणी नव्हतं, तर साचा उडाला कशानं? पडद्यावर खालच्या बाजूला एक आकडा होता, तो तिनं आधी पाहिलाच नव्हता. चुना, शंभरात अकरा. ओतकामाच्या वाळूत चुना असायचं कारणच नाही. तो असला तर फार वाईट, कारण चुनखडीची पूड आठ-नऊशे अंशांना फुटते आणि तिच्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. चार किलो पुडीतून निघालेला वायू त्या धगीत फुगून एखादी लहानशी खोली निम्मी भरेल. तेवढा वायू एका बंद साच्यात सुटला, तर साचा उडाल्याशिवाय राहत नाही. वाफेची गरजच नाही.

हा चुना आला कुठून ते बघायला तिनं ढिगातलं एक मोठं ढेकूळ घेतलं. साच्याचा बाहेरचा भाग लोखंडापासून लांब असतो, तिथली वाळू भाजत नाही, भरली तशीच राहते. तिनं ढेकूळ फोडून भिंगाखाली धरलं. काळ्या वाळूत पांढरे बारीक कण होते आणि त्यांच्यात निळे. गडद, मोरचुदासारखे निळे, कोळशाच्या पुडीत लपलेले. उघड्या डोळ्यांना ते कधीच दिसले नसते.

भिंगावरून डोळा काढायच्या आधीच तिला ते ओळखू आलं. ती रांगोळी होती. रांगोळी शिरगोळ्याच्या दगडाची करतात, आणि शिरगोळा म्हणजे चुनखडीचाच भाऊबंद. खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा असायची. नऊ वर्षांच्या संयोगितानं हट्ट करून दारात नव्हे, तर थेट साच्यांच्या जागेवर, सपाट केलेल्या वाळूवर रांगोळी काढली होती. फुलं-पानं नाहीत. कारखान्यात होतो तो पंप, गोगलगाईसारखा वळत जाणारा, चांगला दोन हात रुंद, ठासून भरलेला. निळी रांगोळी संपली म्हणून आबांनी दोनदा दुकानात पळवलेला माणूस तिला आठवत होता.

कोरडी पूड मिसळल्यावर ढीग मुठीला कोरडाच लागणार. आबांनी मारलेलं जास्तीचं एक मग पाणी त्या कोरडेपणासाठी होतं, आणि ते बरोबर होतं. चुकली होती ती रांगोळी.

*

तीन दिवस संयोगितानं तोंड उघडलं नाही. आबांना सोडवायचं तर स्वतःला अडकवावं लागत होतं. ते तिनं मनाला कसंबसं समजावलं, नऊ वर्षांची तर होते. पण रांगोळी आपल्या पायांनी चालत ढिगात गेली नव्हती. ती कुणी तरी उचलून टाकली होती आणि तो कोण, हे तिला माहीत नव्हतं.

शेवटी तिनं आईला आडून विचारलं. खंडेनवमीची रांगोळी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काढायचं कोण?

आई करंज्यांचं सारण हलवत होती. तिला आठवायला क्षणही लागला नाही. "हिंदूरावच की. त्या सकाळी चहाला थांबला हुता तवा सांगत हुता. पोरीनं एवढा झ्याक पंप काढलाय, त्येच्यावर पाय द्याया नको वाटालंय, फावड्यानं अलगद उचलून ढिगावर ठेवतो म्हणाला. केरात टाकत न्हाईत गं पूजंची रांगोळी." आणि मग सारणाकडं बघत ती हळूच म्हणाली, "त्यो त्येचा आमच्यातला शेवटचा चहा."

आबांना मोकळं करायचं तर मामाला सांगावं लागणार होतं की बाबा रे, तुझा डोळा तुझ्याच हातानं गेला. ज्या माणसाचं आधीच एवढं गेलंय त्याच्यावर हेही घालायचं? न सांगावं तर आबा उरलेलं आयुष्य त्या कोपऱ्यासमोर काढणार. यंत्रानं खरं काय ते सांगून टाकलं होतं आणि ते कुणाच्या पदरात घालायचं, हे मात्र तिच्यावर सोडलं होतं.

ती मामाकडं गेली, कारण निदान हे तरी त्याच्या पाठीमागं ठरवायचं नाही, असं तिला वाटलं. दिवाळी चार दिवसांवर होती. मामा दुकानात एका मोटारीला तांब्याची तार गुंडाळत बसला होता. एका डोळ्यानं आणि दीड हातानं तो हे काम असं करायचा, की दोन डोळ्यांच्या लोकांनी बघत राहावं. ती समोरच्या स्टुलावर बसली आणि सगळं सांगून टाकलं. पापुद्रे, चुना, निळे कण, फावडं. काहीही न वगळता, काहीही गुळमुळीत न करता.

मामाचं वेढे मोजणं थांबलं.

"म्हंजे मी घाई केली न्हवती?" त्यानं विचारलं.

संयोगिताला आधी कळलंच नाही. मग मामानं जे सांगितलं, ते ऐकून तिला बावीस वर्षांची सगळी गणितं नव्यानं मांडावी लागली. त्या दिवशी मामाला लवकर निघायचं होतं. मामी माहेरी गेली होती, तिला आणायला दुपारची गाडी गाठायची होती. त्या घाईत आपण वितळलेल्या लोखंडाचा डबा साच्यावर भसकन वाकवला, म्हणून साचा उडाला, अशी त्याची खात्री होती. आणि दाजींनी पुढं होऊन सगळ्यांसमोर चूक स्वतःच्या अंगावर घेतली, ती मेहुण्याला वाचवायला, एवढंच त्याला दवाखान्यात कळलं होतं.

"ज्या माणसानं माझ्यापायी हातातलं काम सोडलं, त्येच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ?" मामा म्हणाला. "तायडीला ओवाळून घ्यायला तोंड नको? मी रागावलोय म्हणून बोलत हुती मानसं. बोलू दिलं. रागावलेलं बरं, लाज वाटतीय म्हणन्यापरास."

संयोगितानं चाचरत विचारलं, पण मामा, रांगोळी टाकलीस ती तूच, त्याचं काय वाटतं?

मामानं जरा विचार केला. खरंखुरं उत्तर शोधत होता तो. घाईनं केलं असतं तर ते आपलं पाप होतं, असं तो सावकाश म्हणाला; पोरीच्या चित्रावर पाय पडू नये म्हणून केलं, ते पुन्हा वेळ आली तर पुन्हाही करीन, फक्त ढीग बघून. एवढं बोलून त्याचा चेहरा सैल झाला. पाठीवरचं पोतं उतरवून ठेवलेल्या हमालासारखा तो मागं रेलला.

"पर एक सांग," तो म्हणाला. "ज्येच्यापायी माझा डोळा गेला, त्यो पंप बरा तरी काढला हुतास का?"

"नाही," संयोगिता म्हणाली. "शाफ्ट मधोमध नव्हता."

मामा हसला. मग दोघंही हसली आणि हसता हसता दोघांचेही डोळे भरून आले.

*

भाऊबीजेच्या सकाळी आबा नेहमीसारखे पहाऱ्याच्या खोलीत होते. खाणीवर सुट्टी होती, पण त्यांना सुट्टी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. खिडकीतून त्यांना लेक येताना दिसली आणि तिच्यामागून, उजवा हात पोटाशी धरून, हिंदूराव. आबा उठून उभे राहिले आणि उभेच राहिले.

मामा थेट कोपऱ्यातल्या ढिगाकडं गेला. एक ढेकूळ उचललं, दगडावर आपटून फोडलं आणि त्याचा तुकडा संयोगिताच्या भिंगासकट आबांच्या हातात दिला. "बघा दाजी," एवढंच म्हणाला.

आबांनी पाहिलं. निळे कण त्यांना दिसले, पण अर्थ लागेना. मग मामानंच त्यांना सगळं सांगितलं. चुन्याचं, रांगोळीचं, फावड्याचं, आणि स्वतःच्या घाईचंही, बावीस वर्षं पोटात ठेवलेल्या. संयोगिता बाजूला उभी राहून जिथं अडेल तिथं भर घालत होती. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मेहुण्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. मग लेकीकडं वळून त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"आणि पाणी?"

"पाणी बरोबर होतं, आबा. तेवढा मग मारला नसता तर साचा उभाच राहिला नसता."

निवास चौगुले खाली वाळूतच बसले आणि ढसाढसा रडले. मेहुणा आणि लेक दोघंही त्यांच्या दोन्ही बाजूंना बसून राहिली. कुणी त्यांना गप्प केलं नाही.

रडून झाल्यावर त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली. चहाच्या मगात पाणी मागवलं. ढिगातली बारीक वाळू ओंजळभर वेगळी काढली, तिच्यावर बोटांनी पाणी शिंपडलं, दोन्ही हातांनी मळली, आणि बावीस वर्षांनी मूठ केली. मूठ उघडली, गोळा मधोमध मोडला. जुनी, मेलेली वाळू ती, पण कड धारदार मोडली. आबांनी दोन्ही तुकडे मेहुण्याच्या डाव्या तळहातावर ठेवले. मग त्यांनी लेकीला सांगितलं की आता घाल हा ढीग तुझ्या मशीनमध्ये, निळं तेवढं चाळून बाजूला काढ.

संयोगितानं यंत्र सुरू केलं. वर फावडं मारायला दाजी आणि मेहुणा दोघं होते. बैलगाडीभर वाळू संपायला दुपार कलली. चांगले कण कारखान्याच्या पोत्यांत गेले, लोखंडाचे थेंब भट्टीच्या पिंपात, आणि शेवटच्या नळीतून न भाजता उरलेली मूठभर पांढरी-निळी पूड बाहेर आली. ती मामानं कागदाच्या पुडीत बांधून खिशात टाकली. खाण रिकामी झाली, म्हणून आबा पहारा सोडून दिवसाउजेडी घरी निघाले, आणि हे वाटेतल्या लोकांनी थांबून पाहिलं.

घरी आईनं दरवर्षीप्रमाणं पाट मांडला होता. भाऊ दारात दिसल्यावर ती कसलाही आकांत न करता आत गेली आणि निरांजनात आणखी तूप घालून आली. मामानं पुडी सोडून पाटाभोवतीची अर्धी राहिलेली रांगोळी त्या निळ्या पुडीनं पुरी केली, मग पाटावर बसला. आईनं कुंकू लावलं, टिळा जरा वाकडा झाला. तिनं ओवाळलं. मामानं ओवाळणी घातली. आबा भिंतीला टेकून बसले होते आणि बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा त्यांना भूक लागल्याचं त्यांनी आपण होऊन सांगितलं.

दिवेलागण झाली तशी आई ताट घेऊन उठली, ती स्वयंपाकघराकडं न जाता अंगणाकडं निघाली. पश्चिमेला द्वितीयेची कोर बुडायच्या बेतात होती. संयोगितानं मागून हाक मारून विचारलं, आई, आता कुठं चाललीस, मामा आलाय की.

आईनं उंबऱ्यावर थांबून निरांजनाची वात पुढं सारली.

"बावीस वर्षं माझ्या भावाच्या जागी उभा राहिला बिचारा," ती म्हणाली. "आज भाऊ आला म्हणून त्येला कसा विसरू?"